शाहू महाराजांचे शिकारजीवन

राजर्षी छत्रपती शाहू महाराज (जन्म: २६ जून १८७४, कागल, मृत्यू: ६ मे १९२२, मुंबई) हे इ.स. १८९४ ते १९२२ या काळात कोल्हापूर संस्थानचे अधिपती होते. मागासवर्गीयांसाठी राखीव जागा, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, जातवार वसतिगृहे आणि राधानगरी धरण या कार्यांमुळे ते महाराष्ट्रात सर्वपरिचित आहेत. त्याचबरोबर ते उत्तम घोडेस्वार, मल्लविद्येचे आश्रयदाते आणि निष्णात शिकारी होते. शिकारीच्या निमित्ताने त्यांचा संस्थानातील डोंगराळ व माळरानाच्या भागांशी आणि तेथील लोकांशी निकटचा संबंध आला. त्यांच्या धाकट्या मुलाचा मृत्यूही शिकारीतच झाला. प्रस्तुत लेखात महाराजांच्या जीवनाचा या अंगाने आढावा घेतला आहे.

बालपण आणि शिक्षण

शाहू महाराजांचे मूळ नाव यशवंतराव. कागलचे जहागीरदार जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे त्यांचे वडील, तर मुधोळच्या घोरपडे घराण्यातील राधाबाई या त्यांच्या आई होत. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचे डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे निधन झाले. त्यानंतर राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू असे ठेवण्यात आले.

त्यांचे शिक्षण प्रथम राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाड येथे स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेझर यांच्या देखरेखीखाली झाले. संस्थानिकांच्या मुलांना त्या काळी पुस्तकी विषयांबरोबर घोडेस्वारी, नेमबाजी आणि मैदानी खेळ शिकवले जात. शिकार हा राजपुत्राच्या जडणघडणीचा भाग समजला जाई. शाहू महाराजांची शरीरयष्टी भक्कम होती आणि कुस्ती व घोडेस्वारी यांची त्यांना लहानपणापासून आवड होती. १ एप्रिल १८९१ रोजी बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली.

संस्थानचा भूगोल आणि वन्यजीवन

कोल्हापूर संस्थानात शिकारीच्या दृष्टीने दोन अगदी भिन्न प्रदेश होते. पश्चिमेकडे सह्याद्रीचा घाटमाथा, दाट पर्जन्यवने आणि भोगावती, दूधगंगा या नद्यांची खोरी आहेत. दाजीपूरच्या परिसरातील या रानात गवा, बिबट्या, अस्वल, सांबर आणि रानडुक्कर असे प्राणी आढळतात. पूर्वेकडे कमी पावसाची माळराने आणि काळ्या जमिनीचा सपाट मुलूख होता. तेथे काळविटांचे कळप असत आणि उसाच्या व जोंधळ्याच्या शेतांचे रानडुकरे मोठे नुकसान करीत.

या भूगोलामुळे शिकारीच्या पद्धतीही ठरून गेल्या होत्या. पश्चिमेच्या रानात हाका आणि बंदूक, तर पूर्वेच्या मोकळ्या मैदानात घोडा, भाला आणि चित्ता यांचा उपयोग होत असे. महाराजांच्या शिकारीत भाला व चित्ता यांना बंदुकीइतकेच किंबहुना अधिक महत्त्व होते.

शिकारीचे प्रकार

रानडुकराची भाल्याने शिकार

घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारणे हा प्रकार मराठा सरदार आणि इंग्रज लष्करी अधिकारी या दोघांनाही प्रिय होता. हाकेकरी डुकराला उसातून किंवा झुडपातून बाहेर काढीत. ते मोकळ्यावर आले की स्वार पाठलाग सुरू करीत. ज्याचा भाला डुकराला प्रथम लागे त्याला त्या शिकारीचा मान मिळे. मुंबई इलाख्यात यासाठी साधारण आठ फूट लांबीचा भाला वापरत. तो खालून पुढे धरलेला असे. बंगालकडे आखूड भाला वरून खाली मारण्याची पद्धत होती.

या खेळात धोका मोठा असे. पळणारे डुक्कर एकाएकी दिशा बदलते, जखमी झाल्यावर उलटून घोड्याच्या पायांवर धाव घेते आणि त्याचे सुळे घोड्याचे पोट फाडू शकतात. मात्र अनेकदा अपघाताचे कारण डुक्कर नसून जमीन असे. भरधाव घोड्यावरील स्वाराची नजर सावजावर खिळलेली असते. अशा वेळी गवतात लपलेला खड्डा, ओघळ, बांध किंवा जुनी विहीर त्याला दिसत नाही.

चित्त्याकरवी काळविटाची शिकार

पाळीव चित्त्याकडून काळवीट धरण्याची पद्धत भारतात मोगलपूर्व काळापासून चालत आली होती. विसाव्या शतकात ती टिकवून ठेवणाऱ्या मोजक्या संस्थानांत कोल्हापूर आणि भावनगर ही प्रमुख होत. भावनगरचे महाराज भावसिंहजी आणि शाहू महाराज यांचा विद्यार्थिदशेपासून स्नेह होता.

चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवून त्याला गाडीवर बसवीत. काळविटांना शेतातल्या गाड्यांची सवय असल्याने गाडी तिरक्या वाटेने त्यांच्या बरीच जवळ नेता येई. मग चित्तेवान टोपी काढून चित्त्याला नर काळवीट दाखवी आणि सोडून देई. चित्त्याची धाव अतिशय वेगवान पण थोड्या अंतराची असते. काही शे यार्डांत काळवीट हाती लागले नाही तर तो पाठलाग सोडून देतो. सावज पकडल्यावर तो त्याचा गळा दाबून धरतो. चित्तेवान तेथे पोहोचून त्याला मांसाचा वाटा देई आणि पुन्हा टोपी चढवी. चित्ता बंदिस्त जागेत सहसा प्रजनन करीत नाही. त्यामुळे प्रत्येक चित्ता रानातून पकडून आणावा लागे. भारतीय चित्ता दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणण्यात येऊ लागले.

हाका आणि बंदुकीची शिकार

घाटमाथ्यावरील रानात शिकारी मचाणावर किंवा वाटेच्या तोंडाशी बसत आणि गावकरी ढोल, डबे व आरोळ्या यांच्या साहाय्याने जनावर त्यांच्या दिशेने हाकून आणीत. हाक्याचे यश रानाची माहिती असलेल्या स्थानिक लोकांवर अवलंबून असे. पाणवठा कोठे आहे, गव्यांचा कळप कोणत्या खिंडीतून उतरतो, वारा कोणत्या बाजूने वाहतो, हे ठाऊक असलेला माणूस त्या दिवसापुरता शिकारीचा खरा सूत्रधार होई.

बंदुका आणि काडतुसे

शाहू महाराजांचा शिकारीचा काळ बंदुकांच्या इतिहासातील एका मोठ्या स्थित्यंतराशी जुळतो. ते धारवाडला शिकत असताना मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी काळ्या दारूवर चालणारी दुनळी एक्सप्रेस रायफल प्रचलित होती. ते निवर्तले तेव्हा तिची जागा बिनधुराच्या कॉर्डाइट दारूवर चालणाऱ्या नायट्रो एक्सप्रेस रायफलीने घेतली होती.

दुनळी रायफलीचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे दुसरी गोळी तत्काळ झाडता येणे. पूर्ण वाढलेल्या गव्याचे वजन एक टनाच्या आसपास असू शकते आणि त्याच्या खांद्याची हाडे व स्नायू अतिशय जाड असतात. जखमी गवा दाट रानात जवळून अंगावर आल्यास नवे काडतूस चढवण्यास वेळ मिळत नाही. म्हणून जड गोळीची दुनळी रायफल अशा शिकारीसाठी पसंत केली जाई.

या रायफलीच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि प्रत्यक्ष गोळ्या झाडून त्यांचा मेळ बसवलेला असतो. कारागीर नळ्यांमधील पाचर किंचित सरकवून, पुन्हा डाक देऊन, ठराविक अंतरावर दोन्ही गोळ्या जवळजवळ एकाच ठिकाणी पडतील अशी रचना करतो. हा मेळ एका विशिष्ट वजनाच्या गोळीसाठी आणि दारूच्या एका विशिष्ट मापासाठीच खरा ठरतो. दारू कमी पडली तर गोळी नळीत अधिक वेळ राहते आणि धक्क्याने नळी अधिक वळलेली असताना बाहेर पडते. दारू जास्त झाली तर याच्या उलट घडते. परिणामी दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकमेकींना छेदून जातात किंवा एकमेकींपासून दूर पडतात. याच कारणाने अनेक दुनळी रायफलींच्या नळ्यांवर गोळीचे वजन व दारूचे माप कोरलेले असे.

काळ्या दारूच्या काळात अनेक शिकारी आपली काडतुसे स्वतः भरीत. पितळी पुंगळ्या, टोप्या, दारू, शिसे, कथील आणि गोळ्या ओतण्याचा साचा ही सामग्री छावणीत सोबत असे. शिशात थोडे कथील मिसळले की गोळी कठीण होते आणि जाड हाडावर लवकर पसरत नाही. दारू ड्राममध्ये मोजत. एक ड्राम म्हणजे सुमारे २७.३ ग्रेन. .५०० बोअरच्या एक्सप्रेस रायफलीत साधारणतः ५ ड्राम, म्हणजे सुमारे १३७ ग्रेन काळी दारू भरली जाई. मापात थोडा फरक पडला तरी काळी दारू बरीच सहनशील असे.

कॉर्डाइटच्या बाबतीत तसे नव्हते. लंडनच्या जॉन रिग्बी या बंदूक कारखान्याने १८९८ मध्ये .४५० नायट्रो एक्सप्रेस काडतूस आणले. त्यात ४८० ग्रेनची गोळी सुमारे ७० ग्रेन कॉर्डाइटने सेकंदाला २,१०० फुटांहून अधिक वेगाने सुटत असे. .५०० नायट्रो एक्सप्रेसमध्ये ५७० ग्रेनच्या गोळीसाठी ८० ग्रेन कॉर्डाइट पुरे होई. कॉर्डाइट काळ्या दारूच्या मापाने भरले तर नळी फुटण्याचा संभव असे. शिवाय उष्णतेने या दारूचा दाब वाढतो. इंग्लंडच्या थंडीत सुरक्षित असलेले काडतूस भारतातील उन्हाळ्यात, तापलेल्या नळीत, धोकादायक ठरू शकत असे. त्यामुळे उष्ण प्रदेशांसाठी कॉर्डाइटचे माप कमी केलेली काडतुसे वेगळी बनवली जात. काळ्या दारूच्या जुन्या रायफलींसाठीही सौम्य कॉर्डाइट काडतुसे मिळत, परंतु त्यांवर प्रत्येक रायफलीचा मेळ स्वतंत्रपणे पाहावा लागे. या बदलानंतर काडतुसे छावणीत भरण्याची प्रथा कमी होत गेली आणि कारखान्याच्या सीलबंद काडतुसांवर भर वाढला.

यात राजकारणाचाही संबंध होता. १८५७ मध्ये कोल्हापुरात २७ व्या मुंबई पायदळ पलटणीने बंड केले होते. त्यानंतर भारतात शस्त्रांवर कडक निर्बंध आले आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईनाशी झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० बोअरच्या रायफली व काडतुसे भारतात आणण्यावर बंदी घातली. या बोअरच्या गोळ्या चोरीला गेलेल्या लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुकांसाठी वापरता येतील, अशी त्यामागे भीती होती. परिणामी इंग्रज कारागिरांनी .४६५, .४७० आणि .४७५ ही नवी काडतुसे तयार केली. भारतातील संस्थानिकांच्या शिकारखान्यांत पुढे याच बोअरच्या रायफली दिसू लागल्या.

शिकारीच्या छावण्या आणि लोकसंपर्क

महाराजांचा मुक्काम वर्षातील बराच काळ राजवाड्याबाहेर असे. कोल्हापूरजवळील सोनतळी, तसेच रुकडी, पन्हाळा, रायबाग आणि दाजीपूर परिसर ही त्यांच्या मुक्कामाची ठिकाणे होती. सोनतळी येथील छावणीत घोडे, कुत्री आणि इतर प्राणी ठेवलेले असत. दरबारात प्रवेश मिळणे ज्यांना अवघड होते, अशा शेतकऱ्यांना, धनगरांना आणि रानातील लोकांना महाराज येथे भेटू शकत. गावची पाटीलकी, कुलकर्ण्यांचा जाच, सावकारी आणि दुष्काळ यांविषयीची माहिती त्यांना कागदोपत्री येण्याआधी अशा भेटींतून मिळत असे.

प्राण्यांविषयीच्या आवडीतून महाराजांनी कोल्हापुरात साठमारीचे मैदानही उभारले. तेथे चवताळलेल्या हत्तीला माणसे हुलकावण्या देत आणि बुरुजांच्या आडोशाने स्वतःचा बचाव करीत. शहरातील तो भाग आजही साठमारी या नावाने ओळखला जातो.

भोगावती नदीवरील धरणाची कल्पना याच पश्चिम भागाशी निगडित आहे. दाजीपूरच्या रानालगत महाराजांनी वसवलेल्या वस्तीला आपल्या कन्येच्या नावावरून राधानगरी असे नाव देण्यात आले, तर जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाई यांचे नाव मिळाले. धरणाचे काम महाराजांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. ते स्वातंत्र्योत्तर काळात पुरे झाले.

फासेपारधी समाजाशी संबंध

फासेपारधी हे फासे लावून हरणे व पक्षी पकडणारे भटके लोक. माळरानावरील सावजांच्या सवयींचे त्यांचे ज्ञान असामान्य होते. परंतु ब्रिटिश मुलखात १८७१ पासून गुन्हेगार जमाती कायद्याची चौकट तयार होत गेली आणि अशा अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. चोरीचा संशय, पोलिसांचा पाठलाग आणि उपासमार हा त्यांच्या जीवनाचा नित्यक्रम बनला.

शाहू महाराजांनी या लोकांना शिक्षा करण्याऐवजी काम देण्याचे धोरण स्वीकारले. त्यांना पहाऱ्याच्या व रखवालीच्या कामांवर नेमले, राहण्यासाठी जागा दिली आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. ज्यांच्यापासून मालमत्तेचे रक्षण करावे असे सरकारी यंत्रणेला वाटत होते, त्यांच्याच हाती महाराजांनी रक्षणाचे काम सोपवले. पुढे १९१८ मध्ये त्यांनी गुन्हेगार ठरवलेल्या जातींना रोज गावकामगारांपुढे हजेरी देण्याची जी सक्ती होती, ती संस्थानात रद्द केली.

राजकुमार शिवाजी यांचा मृत्यू

महाराजांना राजाराम (जन्म १८९७) आणि शिवाजी (जन्म १८९९) असे दोन पुत्र होते. धाकटे राजकुमार शिवाजी हेही वडिलांप्रमाणे घोडेस्वारी आणि शिकारीचे शौकीन होते. जून १९१८ मध्ये घोड्यावरून रानडुकराचा पाठलाग करताना त्यांना अपघात झाला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय १९ वर्षांचे होते. त्यांचा विवाह आदल्याच वर्षी सासवडच्या जगताप घराण्यातील मुलीशी झाला होता आणि सासरी तिचे नाव इंदुमती ठेवण्यात आले होते. वैधव्य आले तेव्हा इंदुमतीदेवी केवळ ११ वर्षांच्या होत्या.

या आघाताने महाराज खचले. तथापि, सुनेच्या बाबतीत त्यांनी राजघराण्यातील रूढी मोडली. पडद्यात आणि सोवळ्यात तिचे आयुष्य संपू नये म्हणून त्यांनी तिच्या शिक्षणाची व्यवस्था सोनतळी येथे केली. तिच्याबरोबर शिकण्यासाठी वेगवेगळ्या जातींतील मुली निवडण्यात आल्या. घरातून व आप्तांकडून झालेला विरोध त्यांनी मानला नाही. जेथून शिकारीच्या स्वाऱ्या निघत, तीच सोनतळी एका बालविधवेची शाळा झाली. महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा केला होता. स्त्रियांच्या स्थितीसंबंधीचा त्यांचा विचार त्यामुळे नवा नव्हता, परंतु आता तो त्यांच्या स्वतःच्या घरात कसोटीला लागला. इंदुमतीदेवी पुढे मॅट्रिक झाल्या आणि कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाचे कार्य करू लागल्या. राजकुमारांच्या स्मरणार्थ कोल्हापुरात प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंगची स्थापना झाली.

अखेरची वर्षे

पुत्राच्या निधनानंतरची चार वर्षे महाराजांच्या सामाजिक कार्यातील सर्वांत धडाडीची ठरली. कुलकर्णी वतने बरखास्त करणे, अस्पृश्यता पाळण्यास बंदी घालणारे १९१९ चे आदेश आणि मार्च १९२० मधील माणगाव परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाला दिलेला जाहीर पाठिंबा या घटना याच काळातील आहेत. दरम्यान त्यांची प्रकृती ढासळत गेली. स्थूलता आणि हृदयविकार यांमुळे त्यांच्या हालचालींवर मर्यादा आल्या. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

शाहू महाराजांनंतर गादीवर आलेल्या राजाराम महाराजांनी (कारकीर्द १९२२–१९४०) चित्त्याच्या शिकारीची परंपरा पुढे चालवली. त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात आणि कोल्हापूरचे चित्तेवान त्यांना शिकवून तयार करीत. संस्थाने विलीन झाल्यावर ही कला लोप पावली. भारतातील चित्ता १९५२ मध्ये नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले.

दाजीपूरचे राखीव शिकारीचे रान १९५८ मध्ये गवा अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने अभयारण्य मानले जाते. पुढे त्याचा विस्तार होऊन ते राधानगरी वन्यजीव अभयारण्य या नावाने ओळखले जाऊ लागले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. राजांच्या शिकारीसाठी इतरांना बंद ठेवलेले हे रान वृक्षतोडीपासून व शेतीच्या अतिक्रमणापासून बऱ्याच अंशी वाचले. मात्र ज्यांचे जीवन या रानावर अवलंबून होते, त्यांच्यासाठी तीच बंदी अडचणीची होती.

कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातील शहाजी छत्रपती संग्रहालयात राजघराण्यातील बंदुका, तलवारी, भाले आणि पेंढा भरलेले वन्यप्राणी जतन केलेले आहेत. यांतील अनेक प्राणी शाहू महाराजांचे नातू शहाजी महाराज यांच्या काळातील आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशी शिकार भारतात गुन्हा ठरली आहे.

शाहू महाराजांच्या चरित्रात शिकारीला सहसा छंद म्हणून स्थान मिळते. परंतु फासेपारध्यांचे पुनर्वसन, दाजीपूरच्या रानाचे रक्षण आणि इंदुमतीदेवींचे शिक्षण या तिन्ही गोष्टींचा माग काढल्यास तो या छंदापर्यंत पोहोचतो. त्याच छंदाची सर्वांत मोठी किंमतही त्यांना स्वतःच्या मुलाच्या रूपाने मोजावी लागली.